मशीन मिळालं, मजुरीचं काय?

मागच्या महिन्यात आमच्या भाईंदर पूर्वेला एका सभागृहात शिलाई मशीन वाटपाचा कार्यक्रम होता. असे कार्यक्रम तुमच्याही गावात होत असतील. एका रांगेत मांडलेली काळी चकचकीत मशिनं, प्रत्येक मशीनला झेंडूचा हार, समोर पाहुण्यांच्या खुर्च्या आणि फोटोसाठी मशीनवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या बायका. आमच्या बचत गटातल्या चौघींची नावं यादीत होती, म्हणून मीही गेले होते. भाषणं झाली. आता महिला स्वतःच्या पायावर उभी राहणार, हे वाक्य तीन वक्त्यांनी म्हटलं. (मशीन पायाने चालवायचं होतं म्हणून की काय, कोण जाणे!) चहा झाला, फोटो झाले.

बाहेर टेम्पोत मशीन चढवत असताना आमच्या गटातली एक जण, दोन मुलांची आई, मला हळूच म्हणाली, "ताई, मशीन तर मिळालं. पण आमच्या गल्लीत आता सात मशिनं झाली. शेठ आता भाव आणखी पाडेल ना?"

मी तिचं अभिनंदन करायला पुढे झाले होते. हात तसाच राहिला. काय बोलावं ते सुचेना. "बघू गं, काहीतरी मार्ग निघेल," असं काहीतरी बोलले आणि घरी आले. पण रात्री भांडी आवरताना एक जुनी गोष्ट आठवली, कधीतरी वाचलेली. हाच प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी एका पंधरा वर्षांच्या मुलीने विचारला होता, आणि तोही कुणाला, तर शिलाई मशीन बनवणाऱ्या स्वतःच्या वडिलांना!

ही मुलगी न्यूयॉर्कची कॅरोलाइन हंट. तिचे वडील वॉल्टर हंट म्हणजे डोकं सुपीक आणि व्यवहार शून्य, अशातले गृहस्थ. आपण साडीच्या पदराला लावतो ती सेफ्टी पिन त्यांचीच. १८४९ साली त्यांनी तिचं पेटंट घेतलं आणि पंधरा डॉलरची उधारी फेडायची म्हणून चारशे डॉलरला विकूनही टाकलं. त्याच्या बरंच आधी, १८३२ ते १८३४ च्या दरम्यान, त्यांनी टोकाला भोक असलेली सुई आणि विणकराच्या धोट्यासारखं शटल वापरून दोन दोऱ्यांची टीप घालणारं यंत्र तयार केलं होतं. १८३८ मध्ये ते मुलीला म्हणाले, या यंत्रावर तू कॉर्सेट शिवण्याचा धंदा काढ. कॉर्सेट म्हणजे कंबर आवळून बांधायची जाड कापडाची चोळी, तिकडच्या बायका झग्याच्या आत घालायच्या. मुलगी लगेच हो म्हणाली नाही. त्या धंद्यातल्या, वयाने मोठ्या बायकांना जाऊन भेटली, त्यांच्याशी बोलली आणि मग वडिलांना नाही म्हणाली. हे यंत्र आलं तर हाताने शिवून पोट भरणाऱ्या बायकांनी जायचं कुठे, हा तिचा प्रश्न. हंटसाहेबांनी यंत्र बाजूला ठेवून दिलं. पेटंटसुद्धा घेतलं नाही.

आपल्याकडे शाळेत सामान्यज्ञानाच्या पुस्तकात 'शिलाई यंत्राचा शोध कोणी लावला?' या प्रश्नासमोर एकच नाव असतं, एलियास होवे. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. पण स्वयंपाकघरातली आमटी जशी एकट्या मिठाने होत नाही, तसं हे यंत्रही एकाचं नाही. होवेच्या आधी हंट होते. त्यांच्याही आधी फ्रान्समध्ये बार्थेलेमी थिमोनिये नावाचा एक गरीब शिंपी होता. त्याने १८३० मध्ये पेटंट घेतलं. त्याचं यंत्र एकाच दोऱ्याने साखळीची टीप घालायचं. ही टीप तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तांदळाच्या पोत्याचं तोंड ज्या शिवणीने बंद केलेलं असतं ती हीच. बरोबर टोक सापडलं की सर्रकन उसवते, नाहीतर सुरी आणावी लागते! या थिमोनियेने पॅरिसमध्ये ऐंशी यंत्रं बसवून सैनिकांचे गणवेश शिवायला घेतले. जानेवारी १८३१ मध्ये पॅरिसच्या शिंप्यांचा जमाव चालून आला आणि सगळी यंत्रं मोडून टाकली. पुढे त्याने पुन्हा प्रयत्न केले, पण १८५७ मध्ये हा माणूस गरिबीतच वारला.

त्या शिंप्यांना आपण पटकन अडाणी म्हणतो. मला तसं म्हणवत नाही. ज्याची रोजची भाकरी सुईच्या टोकावर आहे, त्याला ऐंशी यंत्रं दिसली की पोटात गोळा येणारच. कॅरोलाइनने जे शांतपणे विचारलं, तेच त्यांनी हातोड्याने विचारलं, एवढाच फरक.

आता होवेकडे येऊ. मला या सगळ्या मंडळींत जास्त भावतं ते त्याचं घर. बॉस्टनमध्ये तो एका कारागिराच्या दुकानात आठवड्याला नऊ डॉलरवर काम करायचा. जन्मापासून एका पायाने अधू, अंगात ताकद कमी, संध्याकाळी घरी आला की जेवायचंही त्राण नसायचं. घरात तीन मुलं. मग बायकोने, एलिझाबेथने, बाहेरचं शिवणकाम घरी आणायला सुरुवात केली. मुलं झोपली की दिव्याजवळ बसून रात्री उशिरापर्यंत टाके घालायचे. नवरा अंथरुणावर पडल्या पडल्या तिचे हात बघायचा. दुकानात एका गिऱ्हाइकाला त्याने बोलताना ऐकलं होतं, की जो शिवण्याचं यंत्र काढील तो श्रीमंत होईल. समोर बायकोचा हात वर-खाली होतोय आणि हा मनात यंत्र जुळवतोय.

पण तो अडकला एका ठिकाणी. बायकोच्या हाताची नक्कल यंत्राकडून करून घ्यायला गेला, आणि ते काही जमेना. हाताच्या सुईचं भोक असतं मागच्या टोकाला. सुई कापडातून पूर्ण आरपार जाते आणि आपण ती पलीकडून ओढून घेतो. यंत्राला असा पलीकडचा हात नाही. शेवटी त्याने भोक टोकापाशी आणलं. सुई पूर्ण आरपार जायचीच नाही. टोक खाली उतरून दोऱ्याचा फास करणार, त्या फासातून खालचं शटल दुसरा दोरा घेऊन निघून जाणार, आणि सुई वर आली की दोन्ही दोरे कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकून बसणार. आज तुमच्या मशीनची सुई काढून बघा, भोक टोकाशीच आहे. वरचा दोरा सैल पडला की खालच्या बाजूला गुंते होतात ना, ते याचमुळे. दोन्ही दोऱ्यांचा ताण सारखा असावा लागतो.

१८४५ मध्ये बॉस्टनच्या एका कपड्यांच्या कारखान्यात त्याने पैज लावली. एकीकडे हाताने भरभर शिवणाऱ्या पाच मुली, दुसरीकडे यंत्रावर एकटा होवे. मिनिटाला अडीचशे टाके. तो जिंकला. लोकांनी वाहवा केली आणि एकानेही यंत्र घेतलं नाही, कारण किंमत होती तीनशे डॉलर आणि शिंप्यांच्या मनात धास्ती. १० सप्टेंबर १८४६ रोजी पेटंट मिळालं, पण पेटंटच्या कागदाने चूल पेटत नाही. तो बायकामुलांना घेऊन लंडनला एका कॉर्सेटवाल्याकडे कामाला गेला. तिथे बिनसलं. बायकामुलांना आधी परत पाठवलं, मागून यंत्राचा नमुना आणि पेटंटचे कागद गहाण टाकून १८४९ मध्ये स्वतः आला. तोवर एलिझाबेथ क्षयाने शेवटच्या घटका मोजत होती. तिच्या अंत्यविधीला घालायला त्याच्याकडे धड कपडे नव्हते, दुसऱ्याचे मागून घालावे लागले. शिवणयंत्राचा जनक, आणि अंगावर उसना कोट!

पुढचं सगळं एलिझाबेथ गेल्यावरचं. परत आला तेव्हा त्याच्या कल्पनेवर दुसरेच लोक मशिनं करून विकत होते. त्यातला सगळ्यात मोठा आयझॅक सिंगर. होवेने खटले भरले. सिंगरच्या बाजूने वॉल्टर हंटचं जुनं यंत्र पुढे करण्यात आलं, की बघा, हे होवेच्याही आधीचं. पण हंटने वेळेवर पेटंट घेतलेलं नव्हतं, त्यामुळे ते टिकलं नाही. १८५४ मध्ये होवे जिंकला. त्यानंतर प्रत्येक मशीनमागे त्याला पैसे मिळू लागले, आणि १८६७ मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वारला तोपर्यंत तो लक्षाधीश झालेला होता. ज्या बाईच्या हातांकडे बघून यंत्र सुचलं, तिने त्यातला एक डॉलरही पाहिला नाही. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात तर ती नाहीच.

इथे एक गमतीची गोष्ट सांगायला हवी. गांधीजींचा यंत्रांना विरोध होता, असं आपण म्हणतो. १९२४ मध्ये दिल्लीत रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्याने त्यांना थेट विचारलं, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? तेव्हा त्यांनी शिलाई मशीनला त्यातून वगळलं. सिंगरने आपल्या बायकोचे शिवताना होणारे हाल पाहिले आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी हे यंत्र काढलं, असं त्यांचं म्हणणं होतं. विचार किती चांगला! पण माणूस चुकला. बायकोला शिवताना बघणारा होता होवे. सिंगरला नाटकात काम करायचा शौक, एकाच वेळी तीन-तीन ठिकाणी संसार आणि मुलं वीसच्या वर. प्रेम त्याच्याकडे होतं खरं, पण ते असं वाटलं गेलेलं! गांधीजींचा मुद्दा मात्र तिथेच संपत नव्हता. मशीन बनवायला कारखाना लागणारच, पण तो नफ्याच्या लोभावर चालू नये, तिथे राबणाऱ्या माणसाचा आधी विचार व्हावा, असंही ते त्याच संभाषणात म्हणाले. आपण प्रेमाची गोष्ट तेवढी लक्षात ठेवली.

सिंगरचं कर्तृत्व वेगळं आहे. त्याने १८५१ मध्ये सुधारलेलं मशीन आणलं. सुई सरळ वर-खाली, कापड आडवं टेबलावर, चालवायला पाय, म्हणजे दोन्ही हात मोकळे. आणि १८५६ पासून त्याच्या कंपनीने हप्त्याने मशिनं विकायला काढली. शंभर डॉलरच्या वरची वस्तू साध्या घरातल्या बाईला एकरकमी परवडणार कशी? थोडे पैसे भरा, मशीन घरी न्या, बाकीचे महिन्याला द्या. आज फ्रीजपासून मोबाइलपर्यंत सगळं ज्या पद्धतीने आपल्या घरात येतं, ती पद्धत घरोघरी रुजवण्यात शिलाई मशीनचा वाटा मोठा आहे.

मग कॅरोलाइनचं म्हणणं खरं ठरलं का? शिवणाऱ्या बायका बेकार झाल्या का?

नाही झाल्या. उलट वाढल्या. पुरुषाचा एक शर्ट हाताने शिवायला साधारण चौदा तास लागायचे, मशीनवर तो सव्वा तासात होऊ लागला. कपडा स्वस्त झाला, तयार कपड्यांची दुकानं निघाली, मागणी अफाट वाढली. पण हे वाचलेले पावणेतेरा तास गेले कुठे? घरी शिवणाऱ्या गृहिणीला त्यातले काही मिळाले, हे खरं. पण मजुरीवर शिवणारीला? तिचा शर्टामागचा दर उतरला. पूर्वीइतकेच पैसे हवे असतील तर आता कितीतरी जास्त शर्ट शिवा. शिवाय मशीनचा हप्ता तिचा, दोरा तिचा, सुई तुटली तर तीही तिचीच.

हाताने शिवण्याच्या दिवसांत तरी तिची स्थिती काय मोठी बरी होती? १८४३ मध्ये लंडनमध्ये एका विधवेवर खटला झाला होता. मुलांच्या तोंडात घास घालायला तिने मालकाने शिवायला दिलेले कपडे गहाण टाकले होते. ते प्रकरण वाचून टॉमस हूड या कवीने शर्ट शिवणाऱ्या बाईवर कविता लिहिली आणि ती इंग्लंडभर गाजली. लोक हळहळले. त्यानंतर तीन वर्षांनी होवेच्या मशीनला पेटंट मिळालं. बाईचे श्रम हलके करणारं यंत्र आलं. तिच्या टाक्याचा भाव ठरवणारा माणूस मात्र तोच राहिला.

आता आपल्याकडे. आपल्याकडे मशीन तसं सावकाश आलं. नऊवारी, धोतर, उपरणं यांना शिलाई कशाला? खणाची चोळी तेवढी शिवायची, तीही घरोघरी हातानेच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीसेक वर्षांत सिंगरची मशिनं मुंबईत विकली जाऊ लागली. त्यांची एजन्सी चालवायचे नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी व्यापारी. सुरुवातीला मशीनवर बसला तो बहुतेक शिंपी, म्हणजे पुरुष. बाईच्या हाती ते आलं ते शिक्षणाच्या चळवळीबरोबर. रमाबाई रानडे यांनी मुंबईत आणि नंतर १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुणे सेवासदनात लिहिण्या-वाचण्याबरोबर शिवणकामाचे वर्ग चालवले. विधवा, परित्यक्ता अशा बायकांना घरात बसून चार पैसे मिळवता यावेत, कुणापुढे हात पसरायला लागू नये, ही त्यामागची दृष्टी. पुढे १९३०च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगने उषा मशीन आणलं आणि स्वातंत्र्यानंतर ते मध्यमवर्गीय घरात इतकं रुळलं, की मुलीच्या रुखवतात मशीन हवंच. झारापकरांच्या कटिंगच्या पुस्तकावरून ब्लाऊज बेतायला शिकलेल्या कितीतरी जणी हे वाचत असतील.

आमच्या घरातलं मशीन रुखवतातलं नव्हतं. माझे वडील लालबागच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांची. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बरेच पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. आईने भिशीचे पैसे उचलून एक जुनं हातमशीन घेतलं. लाकडी झाकणाचं, बाजूला फिरवायचा दांडा. परकर, झबली, टोपडी, उशांचे अभ्रे, शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाऊज. मला झोप यायची ती त्या मशीनच्या आवाजात. काही वर्षांनी आम्ही भाईंदरला आलो, जागा स्वस्त होती म्हणून. स्टेशनबाहेर पडलं की तेव्हा मिठागरं दिसायची. ते मशीन वडिलांनी लोकलच्या लगेजच्या डब्यातून आणलं, बाकी सामान मागून टेम्पोने आलं.

आई चौथी शिकलेली. पण तिच्या शिलाईचा दर ती स्वतः सांगायची. "अस्तराचा असेल तर एवढे, साधा तर एवढे. आणि बटणं तुमची." गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं. घासाघीस व्हायची, पण शेवटचा शब्द आईचा. एखादीने फारच ताणलं तर ती कापड घडी करून परत द्यायची. हे ती करू शकत होती, कारण गिऱ्हाईक आणि तिच्यामध्ये तिसरं कुणी नव्हतं.

आज आमच्या भागातल्या गल्ल्यांमधून दुपारी फिरा. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांची खडखड असतेच, पण खिडक्यांमधून मशीनची घरघरही येते. नाइट्या, लेगिंग, लहान मुलांचे फ्रॉक. कापड कटिंग होऊन गठ्ठ्याने येतं, शिवून गठ्ठ्याने जातं. आणणारा-नेणारा एक माणूस, त्याला सगळ्या शेठ म्हणतात. त्याच्यावर आणखी एक शेठ, त्याच्यावर आणखी कुणी. माझ्याशी बोलली ती बाई एका नाइटीला पंधरा रुपये घेते. घरचं सगळं सांभाळून दिवसाला बारा होतात, म्हणजे एकशे ऐंशी रुपये. दोरा तिचा, मोटर बसवली तर लाइटचं बिल तिचं. टीप वाकडी म्हणून पीस परत आला तर उसवून पुन्हा शिवायचा, त्याचे पैसे नाहीत. आणि परवा मशीनवरून हार काढून तिच्या घरी जे यंत्र गेलं, त्यामुळे शेठचा एक रुपयाही खर्च न होता त्याच्या कामाला आणखी एक मशीन मिळालं.

हे मी मशीन वाटपाच्या विरोधात लिहीत नाही. कृपा करून तसा अर्थ काढू नका. मशीन हवंच. केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत (सप्टेंबर २०२३ पासून) दर्जीकाम आहे, प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंतची मदत आहे. पात्र असाल तर जरूर अर्ज करा. माझं भांडण एवढंच आहे, की आपण मशीनपाशी थांबतो. बाईला काम कोण देणार आणि दर कोण ठरवणार, हे विचारायची वेळ आली की चहा आलेला असतो.

काम देण्याचा एक मोठा प्रयोग आपल्या राज्यात झालाही. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात सरकारी शाळांतल्या मुलांचे गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडून शिवून घ्यायचं ठरलं. मला फार आनंद झाला होता. पण कापड आणि कपडे वेळेवर पोचले नाहीत, मापांच्या तक्रारी आल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. वर्तमानपत्रांतून चर्चा झाली ती गणवेशांची. तिकडे शिवणाऱ्या बायकांच्या हातचं एवढं मोठं काम गेलं, त्याबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही. पण समितीकडे काम गेलं म्हणजे दार बंद झालं असं नाही. समितीत पालक असतात, त्यात आपल्यासारख्या आयाही असतात. आपल्या शाळेचे गणवेश आपल्याच गावच्या बायकांनी, मुलांची मापं समोर घेऊन शिवले तर? बैठकीला जाऊन एवढं विचारायला काय हरकत आहे?

आणखी एक गोष्ट, जी मला एका वकील मैत्रिणीने सांगितली आणि मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत सांगते. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सिल्व्हर जुबिली टेलरिंग हाऊस या दुकानाचं प्रकरण आलं होतं. तिथले कारागीर नगावर शिवायचे, कधी कापड घरीही न्यायचे, ठरावीक पगार नव्हता. मालकाचं म्हणणं, हे माझे नोकर नाहीतच. न्यायालयाने सांगितलं, आहेत. का? तर शिवणीची पसंती-नापसंती मालक ठरवतो, आवडलं नाही तर पीस परत देऊन पुन्हा शिवून घेतो. आणि मशिनंही मालकाची आहेत. पीस परत येणं हा आपल्याला अपमान वाटतो. न्यायालयाला तो मालकीचा पुरावा वाटला! आता यातली दुसरी बाजू बघा. मशीन मालकाचं होतं, हे त्या कारागिरांच्या बाजूने गेलं. आपण मात्र मशीन आपलं म्हणून पेढे वाटतो, आणि शेठ म्हणतो, बाईचं मशीन आहे, तिचा स्वतंत्र धंदा आहे, माझा काय संबंध?

कायद्याने याचाही थोडा विचार केलाय. असंघटित कामगारांच्या २००८च्या कायद्यात घरी बसून दुसऱ्यासाठी माल तयार करणाऱ्यांची व्याख्या आली. अवजारं आणि कच्चा माल मालकाने दिला असो वा नसो, ती व्यक्ती कामगारच, असं त्यात म्हटलं आहे. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. ऑगस्ट २०२१ पासून सुरू असलेल्या ई-श्रम पोर्टलवर अशा बायकांना नाव नोंदवता येतं. आमच्या गटातल्या बऱ्याच जणींनी व्यवसायाच्या जागी 'गृहिणी' लिहायला सांगितलं होतं. "मी काय घरीच असते." दिवसाला बारा नाइट्या शिवणारी बाई! मी हट्टाने खोडून 'शिवणकाम' लिहायला लावलं. अर्थात नाव नोंदवल्याने दर वाढत नाही, हे मलाही कळतं. घरबसल्या काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी, असा आंतरराष्ट्रीय करार १९९६ मध्ये झाला. भारताने अजून त्याला मान्यता दिलेली नाही.

त्या टेम्पोपाशी ज्या प्रश्नाला मी "बघू" म्हणाले होते, त्याचं पुढे काय झालं ते सांगते. पुढच्या गुरुवारी त्या गल्लीतल्या सातही जणी माझ्या घरी आल्या. एकीने मोबाइलचं घड्याळ लावून एक नाइटी शिवून दाखवली, दोरे कापणं आणि घडी धरून. चाळीस मिनिटं लागली. मग दर कोणाला किती मिळतो ते विचारलं, आणि पहिल्यांदाच कळलं की एकाच शेठकडून, एकाच मालाचे एकीला पंधरा, एकीला तेरा आणि एकीला सतरा रुपये मिळतात. तेरावाली बराच वेळ काही बोललीच नाही. सतरावाली मान खाली घालून बसली, जणू तिनेच चोरी केली होती. आम्ही सात वह्या आणल्या. तारीख, आलेले पीस, गेलेले पीस, परत आलेले, मिळालेले पैसे. कुणी लिहिणारी नसेल तर मुलांनी लिहायचं.

दोन आठवडे वह्या भरल्यात. सगळ्यांना निदान सतरा तरी द्या आणि परत आलेल्या पीसचं वेगळं बघा, एवढंच मागायचं ठरलंय. एक जण घाबरली आहे, शेठने काम बंद केलं तर काय, म्हणून. तिची भीती खोटी नाही. तिला आम्ही सांगितलं, तू मागे उभी राहा, बोलू नकोस, पण ये. मंगळवारी माल द्यायचा दिवस आहे. एरवी तो प्रत्येकीच्या दारात येऊन गठ्ठा घेऊन जातो. या मंगळवारी गठ्ठे घेऊन सातही जणी त्याच्या गाळ्यावर जाणार आहेत.